डब्यात न गेलेली चिठ्ठी

ही गोष्ट मी अक्कालासुद्धा सांगितलेली नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सांगलीला असते. तिला मी आजवर सगळं सांगत आलेय. नवऱ्याशी झालेली भांडणं, सासूबाईंना मनातल्या मनात दिलेली उत्तरं, एकदा इथल्या दुकानातून माझ्या पिशवीत चुकून आलेली आणि मग मी परत न नेलेली लिंबांची जाळी — तेसुद्धा. हे मात्र नाही. जिभेच्या टोकापर्यंत यायचं, आणि मी म्हणायचे, "अक्का, चहा टाकू का?"

दोन वर्षं होतील आता. दोन वर्षं चहा टाकतेय मी.

मला नीट लिहिता येत नाही हो. माझं शिक्षण नववीपर्यंतचं. पुढचं जे काही आलं ते वाचनालयातल्या पुस्तकांतून, आणि इथे आल्यावर डच आलं ते बाजारात भाजीवाल्याशी हुज्जत घालून. तेव्हा मी बोलते तसंच लिहिणार. मध्ये भरकटले तर समजून घ्या. भरकटायचं कारणही तुम्हाला कळेलच — जिथे जायचंय तिथे पाय जात नाहीत.

आधी घरातली माणसं सांगते. मी तीस-बत्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागून नेदरलँडला आले. त्याची नोकरी, त्याचा व्हिसा, त्याच्या कागदावर माझं नाव. रायस्वाइकला राहिलो आम्ही. मुलगी एकच, मेघना, आलो तेव्हा दहा-बारा वर्षांची. ती इथेच शिकली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली, आणि लग्न मात्र पुण्याच्या मुलाशी केलं. ते मंदारराव. त्यांची मुलगी रेवा. आमचे हे गेले तेव्हा रेवा नऊ वर्षांची होती. मेघना म्हणाली, "आई, एकटी काय राहतेस तिकडे, उइटहॉर्नला ये. रेवा शाळेतून येते तेव्हा घरात कोणी नसतं." मी गेले.

लेकीच्या घरी राहायला गेले. आमच्या पिढीतल्या बाईला विचारा, या चार शब्दांत काय काय असतं. मंदारराव मला कधी उणं बोलले नाहीत, हे आधीच सांगते. सकाळचा पहिला कप माझा. "आई, तुम्ही बसा, मी करतो" — हे तर रोजचं. बायका म्हणायच्या, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही. खरं होतं ते. तरीसुद्धा मी सहा-सात वर्षं त्या घरात कपाटाचं दार आवाज न करता उघडत होते. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण जावयाच्या घरातलं कपाट ते.

म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं — रेवाची शाळा संपेपर्यंत राहते, मग मी सांगलीला. तिथे अक्काने आणि मी एकाच मजल्यावर समोरासमोर घरं घेऊन ठेवली होती. तिचं दार उघडं, माझं दार उघडं, मध्ये फक्त पायपुसणं. अक्का फोनवर म्हणायची, "तुझ्या बाल्कनीत मीच जाऊन बसते बघ संध्याकाळची. कबुतरं फार झालीत. ये की गं आता." ती एवढंच म्हणायची. पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ भांडी पुसत बसायचे, कोरडी झालेली.

आता रेवा.

रेवाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं डचमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये सांगायचं, आणि दोघींना वाटायचं आपण एकच भाषा बोलतोय. मंदाररावांना मात्र ते लागायचं. पुण्याचा माणूस, घरात मराठी पुस्तकांच्या दोन भिंती, आणि लेक 'बाबा' सोडून एक मराठी शब्द बोलेना. त्यांनी त्याची थट्टा करून टाकली होती. रेवा काही मागायला आली, कुरकुर करायला आली की म्हणायचे, "डचमधल्या तक्रारी पंतप्रधानांकडे. माझ्याकडे फक्त मराठीत. अर्ज लेखी असेल तर लगेच मंजूर!" मग रेवा पाय आपटायची, ते हसायचे, आणि ती मागत असेल ते देऊनही टाकायचे. थट्टाच ती. पण मुलं थट्टा कुठे ठेवून देतात, ते आपल्याला कळत नाही.

ती अकरा वर्षांची झाली तशी माझ्याकडून अक्षरं शिकायला लागली. रविवारी सकाळी. मी सांगलीहून दुरेघी वह्या आणल्या होत्या. जोडाक्षरांना फार घाबरायची. 'क्ष' काढला की म्हणायची, आजी, ही सायकल अपघातात सापडल्यासारखी दिसते. तिचं अक्षर मोठं होतं, गोल आणि जरासं मागे रेललेलं.

तिची शाळा इथल्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाची. सहावं झालं की शेवटची परीक्षा आणि मग विद्यापीठ. लहानपणी प्राथमिकमध्ये तिने एक वर्ग ओलांडला होताच, त्यामुळे वर्गात सगळ्यांत धाकटी हीच. पाचव्या वर्षाला गेली आणि वर्गशिक्षिकेने आईबापांना बोलावलं. म्हणाल्या, मुलगी फार पुढे आहे, तिला इथे बसवून ठेवण्यात अर्थ नाही. पाचव्यातच शेवटची परीक्षा देऊ शकेल. विचार करा, शरद ऋतूच्या सुट्टीआधी सांगा.

मंदारराव त्या दिवशी घरी आले ते तरंगतच. एनस्खेडेच्या, म्हणजे पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, तंत्रविद्यापीठाचं नाव घरात त्याच संध्याकाळी आलं. फ्रीजवर त्यांचा एक पांढरा बोर्ड असे — आमच्या घरात कुठलाही निर्णय त्या बोर्डाशिवाय झाला नाही. गालिचा घ्यायचा का, सुट्टीत कुठे जायचं, सगळ्याला दोन रकाने. फायदे, तोटे. त्यांनी हिरव्या पेनाने फायदे लिहिले, मेघनाने लाल पेनाने तोटे. आणि मी टेबलापाशी गवार मोडत बसले होते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? रेवा सोळाव्या वर्षी एकटी कशी राहील, हे नाही आलं. पोरगी खूश आहे का, हेही नाही. माझ्या मनात बाल्कनी आली. कबुतरं आली. एक वर्ष आधी — एवढंच आलं. आणि गवारीच्या शिरा काढता काढता माझा हात असा भरभर चालायला लागला की मेघना म्हणाली, "आई, कुठे आग लागलीय?"

आता दप्तराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे शेवटची परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला पोराचं शाळेचं दप्तर टांगतात. जूनमध्ये रस्त्याने चालत गेलं की घरोघरी दप्तरं लोंबताना दिसतात. मला सुरुवातीला हसू यायचं. मग आवडायला लागलं — एवढं उघड कौतुक, वाऱ्यावर हलणारं. आमच्या शेजारच्या घरी लोटे नावाची मुलगी, रेवाच्याच वर्गात. पहिल्या वर्षापासून दोघी सायकलने एकत्र जायच्या शाळेत, पावसात, वाऱ्यात, चाळीस-चाळीस मिनिटं. त्या दोघींनी बारा वर्षांच्या असताना ठरवलं होतं, की दोन्ही घरांच्या काठ्यांना एक दोरी बांधायची आणि दोघींची दप्तरं मधोमध एकाच दोरीला लावायची. दोरीसुद्धा आणून ठेवली होती. निळी. ती आमच्या जिन्याखालच्या फडताळात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे होती. मी किती वेळा उचलून झाडलीय ती.

त्या आठवड्यातल्या रविवारी रेवा वही घेऊन आली. मला वाटलं जोडाक्षरं. तर तिने एक कागद पुढे केला आणि डचमध्ये म्हणाली, चुका बघशील का, बाबांना हसायला नको.

ते पत्र मला पाठ आहे. अक्षरन् अक्षर सांगते.

"प्रिय बाबा, तुम्ही म्हणता मराठीत लिहून दिलं तर तुम्ही ऐकता. ही माझी तक्रार आहे. मला सहावं वर्ष पाहिजे. अभ्यास मला जमेल, पण मला घाई नाही. लोटे आणि मी एका दोरीवर दप्तर लावणार आहोत. हे कारण बोर्डावर लहान दिसेल. म्हणून मला बोर्डासमोर विचारू नका. बोर्डासमोर मी हो म्हणते. आपण सायकलवर जातो तेव्हा विचारा. तेव्हा मी खरं बोलते. तुमची रेवा."

बापलेक रविवारी दुपारी नदीकाठच्या रस्त्याने सायकलवर जायचे, तिच्या लहानपणापासून. पाऊस असला तरी. काय बोलायचे देव जाणे, पण परत यायचे तेव्हा दोघांचेही गाल लाल असायचे.

मी वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं — खोटं नव्हतं ते, हे तुम्ही माना अगर मानू नका. पंधरा वर्षांची पोर, जी घरात कधी एक सबंध मराठी वाक्य बोलली नाही, तिने एवढं लिहिलं. मी तिला जवळ घेतलं. दोन-तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सांगितलं. तिने चांगल्या कागदावर पुन्हा लिहून काढलं, जीभ बाहेर काढून, लहान असताना काढायची तशी. घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, मला लाज वाटते, तू मंगळवारी त्यांच्या डब्यात ठेव.

मंदारराव मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसला जायचे, बाकी दिवस घरूनच काम. डबा मी भरायचे. ऑफिसात सगळे थंड पाव खातात आणि हे एकटे मटकीची उसळ गरम करून खातात, याचा त्यांना कोण अभिमान! तेव्हा डब्यात ठेवलेलं पत्र त्यांच्या हातात पडणारच. आणि तिथे ना बोर्ड, ना मेघना, ना मी. पोरीने विचार करून ठरवलं होतं सगळं.

मी "हो" म्हणाले.

सोमवारी ते पत्र माझ्या चष्म्याच्या घरात होतं, पुसायच्या फडक्याखाली. सोमवारी अक्काचाही फोन आला. तिने विशेष काही सांगितलं नाही. तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, बस्स. आणि माझं मन — काय सांगू तुम्हाला — ते पत्र त्यांनी वाचलं तर काय होईल हे मला लख्ख दिसत होतं. ते विरघळले असते. त्यांनी ते पत्र चौकट करून लावलं असतं! हिरवे फायदे फडक्याने पुसून टाकले असते आणि घरभर नाचले असते, लेकीने मराठीत अर्ज केला म्हणून. आणि मग सहावं वर्ष. आणि मग मी आणखी एक वर्ष दार आवाज न करता उघडणार.

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं होतं की, मला जायचंय. तेच तर. तेवढंच वाक्य होतं. कोणी अडवलं नसतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी इथे दुपारी घरी एकटी राहू शकते, स्वतःचं अंडं तळू शकते. मेघनाने तिकीट काढून दिलं असतं, मंदारराव विमानतळावर डोळे पुसत आले असते. पण मला जायचं होतं आणि 'मला जायचंय' हे म्हणायचं नव्हतं. आजी नातीला मध्येच सोडून गेली, असं कोणी म्हणायला नको होतं मला. मला चांगलं राहून जायचं होतं. कळतंय का? नसेल कळत तर बरंच आहे.

मंगळवारी सकाळी मी डबा भरला. खालच्या कप्प्यात उसळ, मधल्यात पोळ्या, वर काकडी. मी विसरले, गडबडीत राहून गेलं, असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगून पाहिलं. तसं नाही झालं. मी पत्र काढलं. वरच्या कप्प्यात, काकडीच्या बाजूला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. झाकण लावलं. मग झाकण काढलं. पत्र उचललं, चष्म्याच्या घरात ठेवलं, आणि झाकण पुन्हा लावलं. कडी नीट बसली का, तेही दाबून पाहिलं.

संध्याकाळी मंदारराव आले. डबा स्वतः धुतला, नेहमीसारखा. "आई, उसळ आज फक्कड!" म्हणाले. रेवा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इथले जिने म्हणजे शिडीसारखे उभे. तिथून स्वयंपाकघर पूर्ण दिसतं. ते शीळ घालत वर निघाले, तिच्या डोक्यावर टपली मारली, "काय गं मांजरी, वाटेत बसलीस?" म्हणाले आणि गेले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दप्तरही न काढता तिने विचारलं, ठेवलं होतंस ना? मी म्हणाले, ठेवलं होतं. मग काही म्हणाले का तुला? आणि मी — मी एवढी बोलकी बाई, माझ्या तोंडून कधी शब्द कमी पडला नाही, तसा तेव्हाही पडला नाही — मी म्हणाले, "वाचलं म्हणाले गं. भीती सगळ्यांनाच वाटते म्हणाले."

बघा, किती सहज आलं. त्यांच्या तोंडी मी वाक्य घातलं, आणि तेही जावयासारखंच, प्रेमळ.

त्याच संध्याकाळी मेघनाने मला हळूच विचारलं, "आई, तुझ्याशी काही बोलली का ती? मला ती गप्प वाटते." मेघना आई आहे, तिला वास आला होता. मी म्हणाले, "नाही गं, खूश आहे पोरगी. तुम्ही सारखं सारखं विचारू नका, बुजते ती." म्हणजे तेही दार लावून घेतलं मी. आवाज न करता.

गुरुवारी रात्रीची जेवणं झाल्यावर मंदाररावांनी फ्रीजपाशी उभं राहून, हातात हिरवा पेन घेऊन, हसत विचारलं, "मग मॅडम? काय ठरलं आपलं?"

बोर्डासमोर.

रेवा बोर्डाकडे बघत राहिली. बोर्डावर हिरवं सात ओळी होतं आणि लाल तीन ओळी. तिला वाटलं, यांनी वाचलंय. बोर्डासमोर विचारू नका हे वाचलंय, आणि तरी बोर्डासमोरच विचारतायत. तिचा चेहरा मी पाहिला. रडली नाही. चेहऱ्यावरचं काहीतरी आत घेतलं तिने, वाळत घातलेले कपडे आत घेतात तसं. आणि म्हणाली, "इस खूट." म्हणजे, ठीक आहे.

मंदाररावांनी तिला उचलून गरकन फिरवलं.

तिला कोणी छळलं नाही, मारलं नाही. पुढेही वाईट असं काही झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. ती पास झाली, उत्तम झाली. निकालाच्या दिवशी फोन आला तेव्हा मंदाररावांनी घरभर उड्या मारल्या. झेंडा लावला. तिचं दप्तर आमच्या काठीला टांगलं — एकटं. लोटेने येऊन गाठ मारून दिली, पोरगी गुणाची. दोघी हसल्या, फोटो काढला. निळी दोरी कोणी काढली नाही. मी गल्लीत पेढे वाटले. "सोळाव्या वर्षी!" असं प्रत्येक दारात सांगितलं मी. मी!

सप्टेंबरात ती एनस्खेडेला गेली. सगळ्यांपेक्षा दोन-दोन वर्षांनी लहान. बाकीची मुलं संध्याकाळी जिथे जमायची तिथे हिला वयामुळे आत घेत नसत. मेघनाने विचारलं की सांगायची, ठीक आहे. जेवलीस का? ठीक आहे. मैत्रिणी झाल्या का? ठीक आहे. परीक्षा सगळ्या सुटल्या. ती नापास झाली असती तर मी बोलले असते का? कोण जाणे. नापास झाली नाही, त्यामुळे माझी जीभ सुटायला तेवढंही निमित्त मिळालं नाही.

आणि मी सांगलीला गेले. आता हे सगळ्यांत लाजेचं आहे, म्हणून टाळत होते. तुम्हाला वाटेल, मला तिथे घास गोड लागला नसेल, झोप आली नसेल. मला छान झोप आली. अक्काने सांडगे घालून ठेवले होते. सकाळी तिच्या घरी चहा, संध्याकाळी माझ्या बाल्कनीत. कबुतरांना हाकलायचं, खालच्या बायकांना नावं ठेवायची, पोट दुखेपर्यंत हसायचं. मी कपाटं धाडधाड उघडली. आठ महिने मी इतकी सुखात होते की काय सांगू. चष्म्याचं घर तिथेही उशाशी असायचं. उघडलं की फडकं, फडक्याखाली ते. मी चष्मा काढायचे आणि घर मिटायचे.

माझी शाळा नववीला सुटली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. दहावीची पुस्तकं आणलेली होती, अक्काची जुनी, मी त्यांना कव्हरं घातली होती, आणि एक दिवस लग्न ठरलं असं कळलं. तेव्हा मला वाटलेलं, कोणीतरी नुसतं विचारायचं तरी. मी हे सबब म्हणून सांगत नाही. उलट सांगते. नकळत केलं असं म्हणायची सोय मला नाही. ते कसं असतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

या मे महिन्यात मी उन्हाळ्यापुरती परत उइटहॉर्नला आले. जूनमध्ये लोटेचा निकाल लागला. शेजारच्या काठीवर झेंडा चढला. दोरी होती, हो — पण दुसरी, पांढरी. पलीकडच्या घरातल्या कुठल्याशा मुलीचं दप्तर आणि लोटेचं, दोन्ही मधोमध. रेवा मुद्दाम एनस्खेडेहून आगगाडीने आली होती अभिनंदन करायला. आली, लोटेला मिठी मारली, केक खाल्ला, आणि मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी बटाटे घेऊन बसले होते.

बराच वेळ ती त्या दप्तरांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं — मराठीत. सबंध वाक्य, आयुष्यात पहिल्यांदा. शब्द एकेक करून, जिना उतरल्यासारखे.

"आजी, बाबांनी ते वाचलं तेव्हा... सायकलचं वाचलं, तेव्हा काय म्हणाले?"

आता तुम्ही ऐका. घरात आम्ही दोघीच होतो. पत्र माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, टेबलावर होतं. मला फक्त चष्म्याचं घर तिच्याकडे सरकवायचं होतं. बोलायचंही नव्हतं. पहिल्या वेळी मला बाल्कनी पाहिजे होती असं तरी म्हणता येईल. या वेळी मला काय पाहिजे होतं? काहीच नाही. फक्त तिने माझ्याकडे आत्ता बघत होती तसंच बघत राहावं, एवढंच.

मी म्हणाले, "काही नाही म्हणाले गं. घडी घातली आणि खिशात ठेवली."

"ठेवली? म्हणजे, टाकली नाही?"

"नाही गं. टाकतील कशी?"

ती जराशी हसली. त्या खोट्यावरसुद्धा पोर हसली. मग पुन्हा खिडकीकडे वळली.

बाहेर अंगणात मंदारराव पंप घेऊन बसले होते. ती घरी यायची असली की ते दोन्ही सायकलींत हवा भरून ठेवतात, दर वेळी. हात पुसत दारात आले. "आई, चार बटाटे जास्त लावा. परत आलो की भूक लागेल आम्हाला." आणि मग आत बघून, "काय रेवाबाई, येतेस ना?"

ती डचमध्ये म्हणाली, नको बाबा, तुम्ही जाऊन या.

"बरं, बरं," म्हणाले. जरा उभे राहिले. मग मला म्हणाले, "मोठी झाली हो, आई. बापाबरोबर कोण फिरतं आता," आणि हसून हेल्मेट न घालताच निघून गेले. दुसरी सायकल भिंतीला टेकून होती, दोन्ही चाकं टणक.

मी चष्म्याचं घर उघडलं. चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. घर मिटलं. आणि बटाटे सोलायला घेतले, चार जास्त.